लाकूड आधी बांधून घे

सातारा, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी हत्यारांची यादी वाचली. मार्बल कटर सगळ्यात वर, ग्राइंडर दुसरा आणि शिकंजे (क्लॅम्प) यादीतच नाहीत! यादी उलटी कर. शिकंजे आधी, हातहत्यारं मग, मशिनं सगळ्यात शेवटी.

सुतारकामात हत्यार क्वचितच दगा देतं, दगा देतं ते हललेलं लाकूड. एका हातात फळी आणि दुसऱ्या हातात धार अशी वेळ आली, की ते काम तिथेच थांबवायचं. गावाकडचे सुतार जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने फळी दाबतात आणि वाकस चालवतात, हे आपण लहानपणापासून बघतो. ती नक्कल करू नकोस. त्यांचा पाय वर्षानुवर्षं त्या कामात तयार झालेला असतो, आपला खुर्चीखाली वाढलेला.

म्हणून आधी 6 इंची दोन आणि 4 इंची दोन सी-क्लॅम्प घे. मग पाठीवर पट्टी असलेली बारीक दातांची करवत, 6, 12 आणि 25 मि.मी.च्या पटाशा, एक मोगरी (लाकडी हातोडा), 5 नंबरचा लोखंडी रंधा आणि एक चांगला गुण्या (काटकोन तपासायचा). सुरुवातीचे दोन-तीन महिने एवढ्यावर भागतं.

पहिली वस्तू स्टूल नको, बेंच हुक कर, म्हणजे कापताना लाकूड अडवून धरणारी फळी. 18 मि.मी. प्लायचा 300 बाय 200 मि.मी.चा तुकडा घे. 40 बाय 20च्या पट्टीचे 160 मि.मी. लांबीचे दोन तुकडे काप. एक तुकडा प्लायच्या खालच्या अंगाला, तुझ्याकडच्या कडेला लागेल. दुसरा वरच्या अंगाला, पलीकडच्या कडेला. दोन्ही डावीकडच्या कडेशी जुळव, म्हणजे उजवीकडे 40 मि.मी. जागा मोकळी राहील. त्या जागेत करवत उतरते आणि टेबल कापलं जात नाही. डाव्या हाताने कापणाऱ्याने हे सगळं उलट करायचं. 2.5 मि.मी.चं भोक आधी पाडून 8 नंबरचे 30 मि.मी.चे तीन-तीन स्क्रू प्लायच्या बाजूने पट्टीत घाल. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडली पाहिजेत. वरची पट्टी बसवताना गुण्या लाव, कारण पुढे प्रत्येक काप तिच्या भरवशावर होणार आहे. वापरताना खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते आणि लाकूड वरच्या पट्टीला टेकतं. करवत पुढे रेटलीस की तोच जोर लाकूड पट्टीवर दाबून धरतो.

करवत सुरू करताना डाव्या अंगठ्याचं पेर रेघेशी ठेव आणि पात्याची बाजू त्याला टेकव. दात पेराच्या खालीच राहिले पाहिजेत. दोन-तीन वेळा करवत नुसती आपल्याकडे ओढ. चीर पडली की अंगठा काढून घे. नवशिके पहिल्याच फेरीला पुढे रेटतात, दात उडी मारतो आणि पेरावर येतो. तर्जनी मुठीबाहेर, पात्याच्या दिशेने सरळ ठेव, मनगट वाकडं होत नाही. दाबायचं मात्र नाही, करवतीचं वजन पुरतं.

पटाशीचा नियम एकच: दोन्ही हात धारेच्या मागे. डाव्या हातात लाकूड आणि उजव्या हातात पटाशी ही पकड दिसायला साधी, पण पटाशी घसरली की थेट डाव्या तळहातात घुसते. तसंच फळी मांडीवर टेकवून कुसू (जोडात घुसणारी लाकडाची जीभ) साफ करायचं नाही. शिकंजा आवळ, डाव्या हाताने पातं धर, उजव्या हाताने मोगरी मार, आणि एका वेळी मिलिमीटरभरच लाकूड काढ. जाड घास घेतला की पटाशी लाकडाच्या रेषेबरोबर, म्हणजे तंतूंच्या दिशेने, खोल धावते आणि खाच रेघेबाहेर फुटते.

नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, नुसती घासलेली असते. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा वाईट, कारण तिला दुप्पट जोर लागतो आणि ती सुटली की तो सगळा जोर हातात शिल्लक असतो. 5 मि.मी. जाडीच्या काचेवर वॉटर पेपर चिकटव, आधी 400 नंबरचा, मग 800, मग 1500. पाण्याचा शिपका दे. आधी पटाशीची सपाट पाठ, धारेकडचा 15-20 मि.मी. भाग, सारखी चकाकेपर्यंत घास. मग उताराची बाजू. कारखान्याचा उतार साधारण 25 अंशांचा असतो. टोकाला फक्त 30 अंशांची बारीक किनार काढ. घासता घासता पाठीकडे बोटाला खरखरीत कड लागली, की धार टोकापर्यंत पोचली असं समज. पाठ पुन्हा दोनदा सपाट ओढलीस की ती कड निघते. धार अंगठ्यावर तपासू नकोस, देवदाराच्या आडव्या कापलेल्या टोकावर तपास. काप गुळगुळीत आणि चमकदार आला तर झालं. तंतू चुरडलेले पांढरट दिसले तर परत काचेवर. आणि त्याच पटाशीने रंगाचे डबे उघडलेस तर मला सांगूही नकोस!

रंध्याचं थोडक्यात. ढलप्या तोंडात अडकल्या तर बोट खालून घालायचं नाही, वरून काडीने काढायच्या. लाकूड भकाभक उचकटत असेल तर रेषेविरुद्ध चालला आहेस, फळी उलटी फिरव.

ड्रिलचा धोका भोकाच्या शेवटी असतो. बिट पलीकडे बाहेर पडताना लाकडात अडकतं, आणि तुकडा हाताने धरला असेल तर तोच गरगर फिरतो. खाली टाकाऊ फळी ठेव, वर शिकंजा.

आता मार्बल कटर. आपल्याकडे प्लाय कापायला सर्रास हाच वापरतात, स्वस्त आणि हलका म्हणून. पण तो दगडासाठी घडवलेला आहे. 110 मि.मी.चं पातं मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरलं, तर दाताचा वेग ताशी 250 कि.मी.च्या आसपास जातो. वरून अर्धं आच्छादन, खाली काहीच नाही. बटण सोडून खाली ठेवलास तरी पातं फिरतच असतं. लाकडासाठीचा सर्क्युलर सॉ, 185 मि.मी. पात्याचा, साधारण 5,000 फेऱ्यांचा असतो आणि त्याचं खालचं आच्छादन स्प्रिंगने आपोआप मिटतं. पैसे त्यात घाल. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावायचं तर अजिबातच नाही. कटर उलटा करून प्लायखाली ठोकलेलं घरगुती टेबल सॉ सुद्धा नको.

मशीन झटका मारतं त्यामागे बहुतेकदा प्लायचा टेकू असतो. 8 बाय 4 फुटांची शीट दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापलीस, तर ती मध्ये झोलते आणि चीर वरून मिटत जाते. पात्याचा खालचा भाग पुढच्या दिशेने धावत असतो. तो आवळला गेला की लाकूड हलत नाही, मशीनच वर उसळून तुझ्याकडे येतं. म्हणून अख्खी शीट जमिनीवर चार पट्ट्यांवर ठेव. पट्ट्या कापाला समांतर, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आतल्या दोन कापाच्या अगदी जवळ. मग कापताना दोन्ही भागांना आपापला आधार राहतो. पातं प्लायच्या खाली 3 ते 5 मि.मी.च बाहेर काढ. सरळ पट्टी शिकंज्याने बांध, आणि स्वतः कापाच्या रेघेत नको, एका बाजूला उभा राहा. पातं अडकलं तर बटण सोड आणि ते थांबेपर्यंत मशीन उचलू नकोस. बटण दाबलेलं ठेवणारी खिटी आहे हे विसरून जा. पातं घेताना त्यावर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्याहून मोठा आहे ना, ते बघ. बदलताना नुसतं बटण बंद नको, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेव.

जुन्या वाड्याचं सागवान घेणार आहेस ना? प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरव. मोडलेला खिळा लाकडात बुडालेला दिसत नाही, आणि पात्याचा कार्बाइडचा दात उडाला तर तोंडाकडेही येऊ शकतो. बाजूंनी बंद असलेला चष्मा त्यासाठीच. फिरत्या मशीनजवळ हातमोजे, अंगठी, लोंबणारी बाही काही नको. मोजा ओढला गेला की हात मागोमाग जातो.

बाल्कनी बंद करून कापू नकोस. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो 1995 मध्ये पहिल्या गटात घातला. एमडीएफचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाचा) भुसा पिठासारखा बारीक असतो. तिथे एन-95 मास्क लाव, रुमाल पुरत नाही. वायर तीन पिनची, वर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडलेली. गुंडाळलेली वायर तापते.

अळशीचं तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या सुकताना आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडव.

आणि वहिनींना एवढं सांगून ठेव. खोल कापलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर ठेवायचा, 108ला फोन करायचा. बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात घालायचं नाही, पेशी गोठून मरतात.

बेंच हुक झाला की वरच्या पट्टीला गुण्या लावून फोटो पाठव. कोपऱ्यात उजेड दिसला तर पट्टी काढून पुन्हा बसव.

तुझा,
विजय