हात वाळेपर्यंत

ब्यूनोस आयर्स,
२३ जुलै

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलीस?" आणि मी सांगितलं, "खिचडी टाकली होती." ते खोटं होतं. दोन दिवस मनात सलतंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईनं विषय बदलला असता. पत्राचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवते, मोठे करून वाचा.

त्या रात्री मी मैत्रिणींबरोबर पारीशात जेवायला गेले होते. पारीशा म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजून देणारं इथलं हॉटेल. मांस म्हणजे गाईबैलाचं. मी ते खाल्लं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

२० जुलैला इथं मित्रदिन असतो. १९६९ साली त्याच तारखेला माणूस चंद्रावर उतरला आणि त्यावरून इथल्या एका दाताच्या डॉक्टरांना हा दिवस पाळायची कल्पना सुचली. आपल्याकडच्या फ्रेंडशिप डेसारखा तो शाळा-कॉलेजातल्या पोरांपुरता नसतो. सत्तर वर्षांच्या आज्यासुद्धा चौघी-चौघी मिळून बाहेर जेवायला निघतात. हॉटेलात आधी टेबल सांगून ठेवलं नाही तर दारातूनच परत यावं लागतं. कामावरच्या मैत्रिणींनी पंधरा दिवस आधी आल्माग्रोत, माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, सहा जणींचं टेबल धरलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. "तू येणारच," एवढंच म्हणाल्या. आठ महिन्यांत असं गृहीत धरलेलं पहिल्यांदाच ऐकलं. त्याचं मला किती बरं वाटलं ते तुम्हांला कळेल.

जुलै म्हणजे इथली कडाक्याची थंडी. रात्री दहा वाजता आम्ही टेबलावर बसलो तेव्हा तिकडं सकाळचे साडेसहा झाले होते, बाबा फिरायला निघाले असणार. तिकडं आखाड चालू, श्रावण लागायच्या आत गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी मटणाचा वास. माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

बाबा, ती भट्टी तुम्ही बघायला हवी होती. एका बाजूला लोखंडी पिंजऱ्यात लाकडं जळत असतात. निखारे तयार झाले की ते खाली पडतात आणि भाजणारा ते फावड्यानं ओढून जाळीखाली पसरतो. मांसाला ज्वाळा कधीच लागू देत नाहीत. लाकूड केब्राचोचं, त्या नावाचा अर्थच 'कुऱ्हाड मोडणारा', इतकं ते टणक. जाळीला उतार असतो आणि पट्ट्यांना पन्हाळी, म्हणजे चरबी निखाऱ्यावर न गळता वाहत पुढं येते. आच किती आहे ते तो जाळीवर तळहात धरून, मनात आकडे मोजून ठरवतो. मसाला म्हणाल तर फक्त जाडं मीठ. जत्रेत चुलीपुढं बसून तुम्ही कुणाला लाकूड हलवू देत नाही ना, तसाच तो. एकदा वेटरनं घाई केली तर त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

आधी एम्पनादा आल्या. आई, अगदी तुझी करंजी! फक्त आत तिखट सारण. शेजारी टुकुमानची मैत्रीण होती, तिच्या गावाकडच्या एम्पनादा देशभर नावाजलेल्या. ती म्हणाली, आमच्याकडं कडेला तेरा दुमडी पडल्या पाहिजेत. दुमडीला इथं रेपुल्गे म्हणतात. मी म्हटलं, आम्ही मुरड म्हणतो. एका ताटात चार तऱ्हेच्या एम्पनादा आणि वरून सगळ्या सारख्याच भाजलेल्या. मी हात मागं घेतला तशी तिनं माझ्यापुढं दोन एम्पनादा धरल्या आणि बोटानं कड दाखवली. प्रत्येक सारणाला वेगळी मुरड घालतात. दोरीसारखा पीळ असलेली मांसाची आणि जिची कड काट्यानं दाबून रेघा पाडलेली होती ती उमिता, म्हणजे मक्याची. हॉटेल बदललं की खूण बदलते, म्हणून तिनं आधी वेटरला विचारून घेतलं होतं. मी ती मक्याची खाल्ली. जरा गोडसर, मऊ, वाफाळलेली. करंजीची मुरड मला कधी अशी वाट दाखवेल असं वाटलं नव्हतं.

मग वेटर माझ्याकडं वळला. साठीचे गृहस्थ, पांढरा कोट. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "मी कार्ने खात नाही." कार्ने म्हणजे खरं तर कुठलंही मांस, पण इथं तो शब्द उच्चारला की गाईबैलाचंच समजतात, आपल्याकडं मटण म्हटल्यावर बोकडाचंच समजतात तसं. ते लगेच म्हणाले, "मग कोंबडी?" मी हो म्हटलं. पण एकाच जाळीवर भाजणार हा विचार मनात होताच, तो चेहऱ्यावर दिसला असावा. टुकुमानची मैत्रीण उठून भट्टीपाशी गेली आणि काहीतरी बोलून आली. मी बसल्या जागेवरून पाहिलं. भाजणाऱ्यानं जाळीचा एक कोपरा मोकळा केला, ब्रशनं खरवडला, अर्धा कांदा काट्याला टोचून त्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा घासला आणि मग तिथं माझी कोंबडी ठेवली. दुसरं काही त्या कोपऱ्यात येऊ दिलं नाही. बाबा, तुम्हांला हे पुरेसं वाटेल की नाही माहीत नाही. मला वाटलं. सोवळ्यातला नियम त्यानं पाळला असं मी म्हणत नाही, पण माझ्या न खाण्याचा मान त्यानं राखला.

कोंबडीबरोबर चिमिचुरी होती, म्हणजे पार्सली, लसूण, ओरेगानो, मिरचीची भरड, व्हिनेगर आणि तेल कालवून केलेली चटणी. तुझ्या कांदा-लसूण चटणीपुढं ती फिकी, पण भाजलेल्या कोंबडीवर छान लागते. चीजची जाड चकती निखाऱ्यावर भाजून देतात, वर कडक आणि आत तारा सुटणारी. ती मी एकटीनं निम्मी संपवली. शेवटी दुधाचं गोड आलं, आपला कुंदा पातळ केला तर कसा लागेल तसं.

आता जे सांगायचं होतं ते. माझ्यासमोर पाच जणींच्या ताटात ते होतं. विमानतळावर बाबांनी दोनदा सांगितलं होतं, "नीट विचारून खा," आणि मी पहिले चार महिने विचारायला नको म्हणून कुणाच्या टेबलावरच गेले नाही. डबा घेऊन एकटी बसायचे. तुम्हांला वाटायचं मी जपून राहते आहे. मी झुरत होते. या देशात वर्षाला माणशी पन्नास किलोच्या आसपास गोमांस खातात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गुरं आणून माळावर सोडली, तेव्हापासूनचं त्यांचं अन्न आहे हे. त्यांच्या ताटाकडं पाठ फिरवली तर त्यांच्याकडंच पाठ होते. मी खाणार नाही, पण शेजारी बसणार. तुम्ही नाराज झालात तरी हे तुमच्यापासून लपवणार नाही.

जेवण झाल्यावर कुणी उठलं नाही. जेवणानंतरच्या बसण्याला इथं सोब्रेमेसा असा स्वतंत्र शब्द आहे. मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, टेबल रिकामं करा म्हणत नाहीत. दीड तास आम्ही बसलो. गावी अण्णाकाका आले की बाबांची पंगत अशीच लांबायची आणि आई आतून म्हणायची, "हात वाळले, उठा आता." काट्या-चमच्यानं जेवल्यावर हात वाळत नाहीत, पण मी मात्र सारखी माझ्या हाताकडं पाहत होते.

निघताना सगळ्या भट्टीकडं वळल्या आणि एकीनं आवाज दिला, "असादोरसाठी टाळ्या!" भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची इथली पद्धत आहे, घरीसुद्धा वाजवतात. तो फावडं टेकून उभा राहिला, चेहरा आचेनं लाल. मी टाळ्या वाजवत होते आणि मला आई दिसत होती, सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं जेवणारी. आई, तू बसून जेवत जा.

टुकुमानची मैत्रीण येत्या रविवारी माझ्याकडं येणार आहे. तिला करंजीची मुरड शिकायची आहे आणि मला ती नीट येत नाही, माझी तळताना सुटते. तुमच्या संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल करते, इथं सकाळचे अकरा असतील. मूठभर कणीक मळून ठेव. फोन बाबांनी धरायचा आणि तुझ्या हातांवर धरायचा, चेहऱ्यावर नको. आणि सावकाश घाल, ती मोजणार आहे.

तुमची लेक