सूचना : मोबाइलच्या लहरी आणि सार (SAR) मर्यादा

सर्व सभासदांना नमस्कार.

शेजारच्या गच्चीवरील टॉवरची चर्चा गटावर सुरू आहे. काळजी रास्तच आहे, पण लहरींची सर्वाधिक ऊर्जा आपल्या शरीरात जाते ती कानाला लावलेल्या फोनमधून.

सार म्हणजे फोनच्या लहरींची ऊर्जा शरीर किती वेगाने शोषते त्याचे माप. भारतात फोनची सार मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १.६ वॅट आहे, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. आपल्या फोनचा आकडा *#०७# डायल करून पाहा. मर्यादेत असेल तर शेजाऱ्याच्या फोनशी तुलना करत बसू नका. तो आकडा फोन पूर्ण शक्तीने चालतानाचा असतो. रोजच्या वापरात खरा फरक रेंजचा पडतो. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, मुंबईला जाताना कसारा घाटात लांबलचक बोलणे टाळा. बोलायचेच तर इअरफोन लावा. मुलांना उशीखाली फोन ठेवून झोपू देऊ नका, ही कळकळीची विनंती.

टॉवरसाठी आपल्याकडची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर परिसरातला टॉवर तपासता येतो, शुल्क भरून मोजणीही करून घेता येते. मोजणी हवी असलेल्यांनी रविवारपर्यंत सोसायटी कार्यालयात नाव द्यावे.

– सचिव, इंदिरानगर, नाशिक