सूचना : १४४१६ फोनमध्ये सेव्ह करा
सभासद मित्रहो,
आपल्यातल्या एकाने गेल्या महिन्यात ‘पाठ धरली’ म्हणून चार दिवस रजा टाकली. खरं तर कर्जत लोकलमध्ये चढलं की त्याच्या छातीत धडधड व्हायची, दादरला उतरून तो परत घरी जायचा. पाठीचं कारण सांगायला सोपं, एवढंच.

अशा मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायचा आहे. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मेडिक्लेमचे कागद आणा, एकत्र वाचू. अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नका.

– सचिव