एकाच पानावर म्हैसमाळच्या दोन उंच्या?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतले मराठवाड्यातील उंच डोंगर आणि धबधब्यांवरचे पान वाचले. विषय घेतलात याबद्दल आभार. पण छापण्याआधी आकड्यांवरून कोणी एकदा तरी नजर फिरवायला हवी होती. लेखात म्हैसमाळ १०६७ मीटर आणि शेजारच्या चौकटीत ९१३ मीटर! मुले अशी चौकट कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. त्यांनी कोणता आकडा खरा मानायचा?

१०६७ बहुधा कुठून आला ते सांगतो. ३५०० फुटांना ०.३०४८ ने गुणले की १०६६.८ येतात. म्हणजे कोणीतरी ढोबळ मानाने साडेतीन हजार फूट म्हटले असणार, पुढच्याने त्याचे मीटर केले आणि अंदाजाला मोजणीचे रूप आले. याउलट ९१३ हा आकडा अंतूर ८२६, अब्बासगड ६७१, सातोंडा ५५२ अशा त्याच रांगेतल्या डोंगरांच्या जोडीने जिल्ह्याच्या माहितीत येतो. मी तोच धरीन. दोन्हींत १५४ मीटरचा फरक आहे, तो मुद्रणदोष म्हणून सोडून देण्याएवढा नाही.

शिवाय ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, हे पानावर कुठेच लिहिलेले नाही. छत्रपती संभाजीनगर शहरच ५६८ मीटरवर वसले आहे. तेथून म्हैसमाळचा माथा साधारण ३४५ मीटर वर. देवगिरीचा डोंगर सपाटीपासून जेमतेम २०० मीटर उठतो, पण एकटा उभा असल्याने आणि खालचा कडा तासलेला असल्याने डोळ्याला तोच जास्त उंच वाटतो. म्हणून 'समुद्रसपाटीपासून' आणि 'पायथ्यापासून' असे दोन रकाने केल्याशिवाय डोंगरांची यादी छापू नये. कळसूबाईच्या १६४६ मीटरशी तुलना करायची तर तीही याच रीतीने करावी.

काही वाचक मोबाइल काढून उंची पडताळतील, त्यांच्यासाठी एक सूचना. जीपीएसचा मूळ आकडा समुद्रसपाटीपासूनचा नसतो, तो पृथ्वीच्या गणिती आकारापासूनचा असतो, आणि आपल्या भागात तो ५० मीटरहून अधिक कमी येतो. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. त्यापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्यावा. त्यावर दर २० मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) असते आणि सर्वेक्षणात मोजलेल्या माथ्यावर त्रिकोणाची खूण व आकडा असतो.

धबधब्यांच्या बाबतीत तर गोंधळ आणखी वाढला आहे. अजिंठ्याची वाघूर नदी सात कुंडांतून टप्प्याटप्प्याने उतरते. तिची सगळी उतरण एका झेपेची उंची म्हणून दिली, तर बीड जिल्ह्यातल्या सौताडा धबधब्याच्या सरळ कड्याशी तुलना कशी होणार? आपला खडक थरांचा आहे. वर पक्का काळा पाषाण, खाली विहीर खणणाऱ्यांना ठाऊक असलेला मांजऱ्या किंवा तांबडा गेरूसारखा मऊ थर. पाणी मऊ थर पोखरते, वरचा पाषाण छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस तुटतो. जिथे पक्का थर जाड तिथे एकच झेप, जिथे थर पातळ तिथे पायऱ्या. म्हणून एका झेपेची आणि एकूण, अशा दोन उंच्या द्याव्या लागतात.

मोजणी अवघड नाही. उन्हाळ्यात कडा कोरडा असताना दोराला दोन-अडीच किलोचे वजन बांधून सोडावे. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून खाली वजन टेकल्यावर वरच्या काठाशी खूण करून तेवढा भाग तसाच वजन टांगून टेपने मोजावा. खाली एक माणूस हवाच, नाहीतर वजन मधल्या कपारीवर अडकते आणि वरच्याला ते टेकलेसे वाटते. डोहाच्या पाण्यापर्यंत मोजले की तळापर्यंत, हेही लिहावे. कोनमापकाने करायचे तर कड्याच्या दिशेने एकाच सरळ रेषेत, समान पातळीवरच्या दोन जागांवरून माथ्याचा कोन घ्यावा आणि मधल्या अंतराला दोन्ही कोनांच्या कोटॅन्जंटमधील (म्हणजे १ भागिले टॅन्जंट) फरकाने भागावे. अंतर ५० मीटर, कोन ३० आणि ४५ अंश, तर उत्तर ६८ मीटर. ३० च्या जागी चुकून ३१ वाचले तर तेच उत्तर ७५ होते. एका अंशाने सात मीटर! सौताड्याची जी सव्वादोनशे फूट उंची सगळीकडे छापली जाते, ती कोणी, कशी मोजली हे म्हणूनच विचारावे लागते.

नळदुर्गचे नर-मादी या यादीत नैसर्गिक धबधबे म्हणून आले आहेत. ते बोरी नदीवरच्या किल्ल्याच्या बंधाऱ्याचे सांडवे आहेत, त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरचे धरण भरून वाहिल्याशिवाय ते सुरू होत नाहीत. नुसते 'जुलैत जा' वाचून गेलेल्यांना बहुतेक वर्षी कोरडी भिंत पाहून परतावे लागेल. आपल्याकडे खरा जोर सप्टेंबरात येतो.

आणि सहस्रकुंड फक्त यवतमाळचे कसे झाले? पैनगंगेचा एक काठ उमरखेड तालुक्याचा, पण दुसरा आमच्या नांदेडचा, इस्लापूरच्या बाजूचा. याच नावाचे रेल्वे स्थानकही मुदखेड-किनवट मार्गावर आहे. तिथले पाणी इसापूर धरणाच्या दारांवर अवलंबून असते, हे एक वाक्य छापले असते तर उपयोग झाला असता. दारे बंद असली तरी गाफील राहू नये, कारण इसापूरच्या खाली कयाधू येऊन मिळते आणि हिंगोलीकडे पाऊस झाला की तिचा लोंढा इथे कोरड्या आभाळाखाली येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा दिसू लागला, की कातळावरून लगेच काठ गाठायचा.

शेवटी त्या छायाचित्राबद्दल. पाण्याच्या अगदी तोंडाशी, चप्पल घालून, पाठ दरीकडे करून उभा असलेला तरुण आपण पाच कॉलमांत छापला आहे. त्याच्या पायाखालची हिरवी चकाकी म्हणजे शेवाळ. त्यावर रबरी तळ टिकत नाही, आणि पुढे आलेला तो पाषाण खालून पोखरलेला असतो हे वर लिहिलेच आहे. पुढच्या अंकात उंचीची दुरुस्ती द्याल तेव्हा हे छायाचित्र पुन्हा वापरू नये आणि संकेतस्थळावरूनही काढावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, किनवट (जि. नांदेड)