टाकीत हात घालणाऱ्या काकूंना

इंदूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुमचा जिना चढून वर येऊन बोलले असते, तर तुम्ही नेहमीसारखं "त्यात काय एवढं" म्हणून चहाचा कप पुढे केला असता आणि आमच्या गाडीतल्या पाण्याच्या टाकीबद्दलचं माझं सांगणं राहून गेलं असतं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. ट्रॅव्हलर ही मोठी प्रवासी गाडी इथेच पीथमपूरला तयार होते. जुनी गाडी घेऊन तिच्यात ओटा-पलंग बसवणारी आमच्या ओळखीतलीच तीन घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणीही मला टाकीबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सासूबाईंना नर्मदेची परिक्रमा करायची होती. गुडघे चालू देत नाहीत, म्हणून ह्यांनी गाडी घेतली. आत पलंग, ओटा, इवलंसं न्हाणीघर आणि मागच्या बाकाखाली एकशेवीस लिटरची पाण्याची टाकी. परिक्रमेआधी सवय व्हावी म्हणून मे महिन्यात मांडू-महेश्वरचा एक फेरा केला. टाकी तीन आठवडे आधीच भरून ठेवली होती, आणि गाडी तेवढे दिवस अंगणात उन्हात उभी होती. मांडूहून उतरताना टाकी अर्धी झाली, ती एका ढाब्यावर तिथल्याच पाइपने भरून घेतली. पाइपचं तोंड चिखलात पडलेलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि तरी काही बोलले नाही.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी लेकीला जुलाब सुरू झाले, संध्याकाळी सासूबाईंना. नऊ वर्षांच्या पोरीच्या हाताला सलाईन लागलेली दोन दिवस पाहणं काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. सगळ्यांनी बाहेरच्या खाण्याला बोल लावला. तुम्ही पेज घेऊन आलात, तिच्या उशाशी बसलात आणि मला एकच प्रश्न विचारलात: "दात कुठल्या पाण्याने घासले?"

पिण्यासाठी आम्ही जार नेला होता, त्याचा मला केवढा भरवसा वाटत होता! पण दात टाकीच्या पाण्याने घासले होते. काकडी-टमाटे त्याच पाण्याने धुतले होते. अंघोळ करताना पोरं तोंड उघडं ठेवतात, हे तर तुम्ही सांगेपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. प्यायचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं ही घरातली वाटणी एवढ्याशा गाडीत टिकत नाही. टाकीतलं सगळं पाणी प्यायचंच आहे असं धरून चालायचं, हे तुमचं वाक्य मी आता ओट्याच्या वर लिहून चिकटवलं आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विजेरी घेऊन आलात. टाकीवरचं हातभर झाकण उघडलंत, बाही वर केलीत आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवलंत. मग ते बोट माझ्या बोटाला लावलंत. बुळबुळीत. पाणी तर अगदी स्वच्छ दिसत होतं, तळाचा स्क्रू दिसत होता. तुम्ही म्हणालात, हा थर जिवाणूंनी स्वतःसाठी बांधलेलं घर आहे. वरून औषध टाकलं तरी आतले बरेचसे वाचतात, म्हणून आधी तो घासून सुटला पाहिजे. आणि मेमधली बंद गाडी म्हणजे त्यांची ऊबदार खोली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तोपर्यंत कधीच संपून गेलेलं. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आमच्या न्हाणीघरातला फवारा कित्येक दिवस वापराविना पडलेला होता.

तुम्ही पाण्याचा नमुना एका लहान बाटलीत घेतलात, ती पाण्यातले जंतू ओळखायची एच-टू-एसची बाटली. ती घरात उबदार जागी ठेवायला सांगितलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालेलं. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात असल्याची ती खूण, तुम्ही शांतपणे सांगितलंत. मी मात्र ती बाटली हातात घेऊन रडले. तुम्ही तेव्हा मला समजावायला गेला नाहीत, नुसत्या बसून राहिलात, त्याचेही आभार.

मग तुम्ही माठाचं उदाहरण दिलंत. आमच्या सासूबाई रोज सकाळी माठातलं कालचं पाणी तुळशीला घालतात, माठ आतून हाताने चोळतात, मग ताजं भरतात. शिळं पाणी देवापुढेही ठेवत नाहीत. हे सगळं मी वीस वर्षं पाहत आले, आणि टाकीला चाकं लागल्यावर विसरले. "टाकी म्हणजे आडवा माठ," तुम्ही म्हणालात, "त्याला हात घालता आला पाहिजे." मला ठाम वाटतं, ज्या टाकीत कोपरापर्यंत हात जात नाही ती टाकी गाडीत बसवूच नये, मग ती कितीही स्वस्त मिळो. गाडी बनवणारे रंगीत दिव्यांच्या पट्ट्या हौसेने दाखवतात, झाकण कुठे आहे ते विचारावं लागतं.

टाकी धुतली ती रात्र मला पूर्ण आठवते. आधी सगळं पाणी सोडलं, मऊ ब्रशने भिंती घासल्या, गाळ पुसून काढला. फिल्टरचा कार्ट्रिज काढला, गीझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. मग तुम्ही सोडियम हायपोक्लोराइटची बाटली पाहिलीत: वरून सुगंध किंवा रंग न घातलेलं, पाच टक्क्यांचं, ताज्या तारखेचं. जुन्या बाटलीतला दम उन्हाने उडून जातो, म्हणून तारीख बघायची. हिशेब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, टाकी एकशेवीस लिटरची, म्हणजे सहा ग्रॅम. पाच टक्क्यांच्या औषधाचे १२० मिलिलिटर. ते बादलीभर पाण्यात कालवून टाकीत ओतलं, टाकी काठोकाठ भरली आणि प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा ठेवला, फवारासुद्धा. कारण घाण टाकीत असते तशी नळीतही असते. ह्यांनी गाडी रिंग रोडवर एक चक्कर मारून आणली, टाकीच्या वरच्या भिंतीपर्यंत पाणी हिंदकळावं म्हणून. चार तास पुरतात, पण आपण रात्रभर ठेवलं. सकाळी सोडून दिलं आणि साध्या पाण्याने तीनदा खंगाळलं, वास जाईपर्यंत. ते पाणी झाडांना किंवा नदी-तळ्यात सोडायचं नाही, तिथली जिवंत माणसं म्हणजे मासे, असं तुम्ही माझ्या लेकीला सांगितलंत. तिने ते शाळेतही सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही मला चांगलंच रागावलात. संडास धुण्याचं आम्लाचं औषध आणि हे क्लोरीनचं, दोन्ही मी एकाच खोक्यात ठेवली होती. एकमेकांत मिसळली तर विषारी वायू होतो, आणि बंद गाडीत पळायला जागा नसते. आता एक गाडीच्या पुढच्या कप्प्यात, दुसरं मागच्या दारात.

वाटेत भरायच्या पाण्याचं तुम्ही सांगितलेलं मी असं पाळते. पाइप आमचा स्वतःचा, पिण्याच्या पाण्याचा, दोन्ही तोंडांना बुचं लावलेला. संडासाकडचा पाइप वेगळ्या रंगाचा. नळ आधी अर्धा मिनिट मोकळा सोडायचा, पाइपचं तोंड जमिनीला टेकू द्यायचं नाही. गढूळ पाणी घ्यायचंच नाही, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पाणी निवळ असेल पण कुठलं ते ठाऊक नसेल, तर पूर्ण टाकीला पाच मिलिलिटर हायपोक्लोराइट, आणि अर्धा तास थांबणं. मग क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायचं साधन. नळीत पाणी, वरून ऑर्थोटोलिडीन या क्लोरीनने पिवळं होणाऱ्या द्रवाचे थेंब, आणि पिवळा रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत वाचायचा. उशीर केला तर रंग फसवतो. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे, आपल्या भारतीय मानकातलाही तोच आकडा.

तो वास आम्हाला आवडत नव्हता. तुम्ही म्हणालात, नळाला हलका वास येतोय याचा अर्थ पाण्यावर अजून पहारा आहे. कोळशाचा फिल्टर तो पहारा काढून घेतो, म्हणून तो टाकीच्या आधी न बसवता पिण्याच्या नळाशी, अगदी शेवटी बसवायचा. हे वाचणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं, कारण आमच्या गाडीत तो उलटाच बसवलेला होता. आणि क्लोरीनने होणार नाही ते क्लोरीनकडून मागू नये: धार-झाबुआकडच्या कितीतरी बोअरमध्ये फ्लोराइड आहे, ते औषधानेही जात नाही आणि उकळूनही जात नाही. तिथे बोअरचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, एवढंच.

घरी आलो की टाकी रिकामी करायची आणि झाकण उघडं ठेवून वाळवायची, वर बारीक जाळी. हवेच्या नळीलाही जाळी लावली. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेलं पाणीच शोधतो.

त्या रात्री टाकी भरून होईपर्यंत तुम्ही अंगणात खुर्ची टाकून तुमच्या लहानपणाबद्दल बोलत होता. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली त्याआधीचे दिवस, पहाटेच्या रांगा, हंड्यावर ठेवलेली नावाची चिंधी. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून पाणी आलं, त्या दिवशी तुमच्या आईने नळाला हळद-कुंकू वाहिलं होतं. पुढे तुम्ही पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत गेलात आणि सगळी नोकरी पाण्याच्या बाटल्या तपासण्यात काढलीत. निवृत्त झालात तरी कुणाच्या लेकीला जुलाब झाले तर विजेरी घेऊन येता. मी तुमच्या नात्यातली नाही, तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि सांगितलेलं मी विसरले तेव्हा तुम्ही तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे सांगितलंत.

गेल्या आठवड्यात ओंकारेश्वरला दोन दिवस राहून आलो. परत आल्यावर टाकीतलं उरलेलं पाणी नव्या बाटलीत भरून ठेवलं. दोन दिवस झाले, बाटली काळी झालेली नाही. सासूबाईंनी ती देवघरात ठेवली आहे; मी काढायला गेले तर राहू दे म्हणाल्या.

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरच्या सोमवारी परिक्रमेला निघायचं ठरतंय. पुढच्या खिडकीची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही. क्लोरोस्कोप तुमचा आहे, तो तुम्हीच बरोबर घेऊन या.

तुमची,
मागच्या गल्लीतली सूनबाई