साउथपोर्ट, आणि तुझ्या डेस्कवरचा प्रश्न

प्रिय मंग्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकावा लागला कारण मागे न्यूजरूममध्ये कुणीतरी जोरजोरात भांडत होतं. तू विचारतोयस की लहान मुलांवर हल्ला झाला, पोलीस आरोपीचं नाव देत नाहीत, बाकीचे पोर्टलवाले नाव ठोकून मोकळे होतात आणि संपादक आपल्याला झापतो, मग आम्ही काय हात चोळत बसायचं का? लेका, हाच प्रश्न इकडे अख्ख्या देशाला पडला होता आणि त्याचं उत्तर अजून धड मिळालेलं नाही. पण मी मँचेस्टरला असल्यामुळे इंग्लंडमधल्याच साउथपोर्ट या गावचं प्रकरण बऱ्यापैकी जवळून पाहिलं, गाडीने तासाभराचा रस्ता, म्हणून सांगतो.

२९ जुलै २०२४, सोमवार. मुलांच्या सुट्ट्या चालू होत्या आणि टेलर स्विफ्टच्या गाण्यांवर नाचायचा एक क्लास होता. तिथे एक पोरगा चाकू घेऊन घुसला. तीन मुली गेल्या, वय सहा, सात आणि नऊ. आणखी आठ मुलं आणि दोन मोठी माणसं जखमी. यावर मी जास्त लिहीत नाही, जमत नाही.

आता तुझ्या कामाचा भाग. पोलिसांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं की पकडलेला मुलगा १७ वर्षांचा आहे आणि जन्म कार्डिफचा, म्हणजे वेल्समधला. नाव नाही सांगितलं, कारण वय १८ च्या आत, आणि इथे खटल्यावर परिणाम होईल असं काही छापलं तर कोर्टाचा अवमान होतो, संपादक आत जाऊ शकतो. पण तोवर एक्सवर एक नाव फिरायला लागलं होतं, मुसलमानी वाटेल असं, सोबत गोष्ट अशी की हा गेल्या वर्षी बोटीतून आलेला निर्वासित आहे आणि गुप्तहेर खात्याच्या यादीत होता. सगळं खोटं. ते नाव मी इथे टाईप करत नाहीये, मुद्दाम.

ते पसरलं कसं ते बघ. चॅनल थ्री नाऊ नावाची एक साइट, दिसायला अमेरिकन टीव्ही चॅनलसारखी, तिने ते बातमी म्हणून छापलं. बीबीसीने मागे जाऊन शोधलं तर तिचं यूट्यूब चॅनल मुळात रशियन भाषेतलं, गाड्यांच्या रॅलीचे व्हिडिओ टाकणारं! पुढे नाव बदललं, भाषा बदलली, आणि गुन्ह्यांच्या बातम्या सुरू झाल्या कारण क्लिक त्यात आहेत. सगळ्यांना वाटलं रशियाचं कारस्थान असणार, बीबीसीला तसा पुरावा सापडला नाही, जाहिरातीचे पैसे हेच कारण निघालं. (रशियाच्या सरकारी आरटी चॅनलने मात्र ती बातमी आयती उचलली.) ऑनलाइन अफवांचा अभ्यास करणाऱ्या आयएसडी नावाच्या संस्थेने मोजलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एकट्या एक्सवर त्या खोट्या नावाचे ३०,००० च्या वर उल्लेख, १८,००० हून जास्त अकाउंटवरून. आणि कहर म्हणजे पोलिसांनी नाव चुकीचं आहे असं स्पष्ट सांगितल्यावरसुद्धा टिकटॉक ते सर्चमध्ये सुचवत होतं. म्हणजे माणूस थांबला तरी मशीन थांबत नाही.

आणि तुझ्या संपादकाला हे नक्की सांग, इथल्या मोठ्या पेपरांनी ते नाव छापलं नाही तरी दंगल झालीच. ३० तारखेला संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या, पोलिसांची व्हॅन जाळली, ५० च्या वर पोलीस जखमी. जन्म कार्डिफचा आहे हे तोपर्यंत जाहीर होऊन एक दिवस झाला होता रे! म्हणजे खरी माहिती मिळाली नाही म्हणून लोक भडकले हे अर्धंच खरं. ज्यांना जायचं होतं त्यांना फक्त निमित्त पाहिजे होतं. त्यात नायजेल फराजसारखा खासदार व्हिडिओ करून विचारतो की आपल्यापासून सत्य लपवलं जातंय का, आणि मस्क लिहितो की गृहयुद्ध अटळ आहे. प्रश्न विचारला की जबाबदारी नाही, ही आयडिया आपल्याकडच्या अँकरना चांगली माहितीये.

१ ऑगस्टला लिव्हरपूलच्या कोर्टात जज अँड्र्यू मेनरी यांनी आरोपीचं नाव छापायला परवानगी दिली. आठवड्याभरात तो १८ चा होणारच होता, आणि तोवर गप्प राहिलं तर त्या पोकळीत अफवावाल्यांचंच फावेल असा त्यांचा मुद्दा. आईवडील रवांडाचे, पोरगा इथलाच. तरी ४ तारखेला रॉदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झालाच, आत माणसं असताना.

त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते तुला सांगायलाच हवं. भारतीय हायकमिशनने ६ ऑगस्टला सावध राहा म्हणून सूचना काढली होती, आणि ग्रुपवर एक काका लिहितात आपण हिंदू आहोत, आपल्याला काय भीती. मिडल्सब्रोला जमावाने गाड्या अडवून ड्रायव्हरला तू गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का असं विचारलं, तो व्हिडिओ कुणीतरी टाकला तेव्हा काका शांत झाले. मग ७ तारखेसाठी ठिकाणांची एक यादी आली, निर्वासितांच्या केसेस लढणाऱ्या वकिलांची ऑफिसं वगैरे, इथे हल्ले होणार म्हणून. दुकानांनी दुपारीच शटर ओढली. बहुतेक ठिकाणी कुणी फिरकलंच नाही, उलट लंडनच्या वॉल्थमस्टोसारख्या ठिकाणी दंगलखोरांच्या विरोधातच हजारो लोक रस्त्यावर.

आता पोलिसांची बाजू मी पूर्ण घेणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी जाहीर केलं की त्याच्या घरात रायसिन हे विष आणि अल कायदाचं एक मॅन्युअल सापडलंय, आणि मग लपवलं लपवलं म्हणणाऱ्यांना खरंच काहीतरी हातात मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, किमान ५२ वर्षांची शिक्षा झाली, आणि तेव्हा कळलं की दहशतवादाकडे झुकणाऱ्यांना वेळीच रोखायच्या प्रिव्हेंट या सरकारी योजनेकडे त्याचं नाव तीनदा गेलं होतं आणि तीनदा फाइल बंद झाली. खरी बातमी ही होती! पण अख्खा उन्हाळा सगळे भांडत होते ते धर्म आणि बोटीवरून.

मे २०२५ मध्ये लिव्हरपूलला फुटबॉलच्या मिरवणुकीत गाडी घुसली तेव्हा त्याच पोलिसांनी दोनेक तासांत सांगून टाकलं, ५३ वर्षांचा गोरा ब्रिटिश माणूस. अफवा तिथेच बऱ्याच थंडावल्या. पण मला ते खटकलंय, कारण उद्या आरोपी गोरा नसला आणि पोलीस दोन तास गप्प बसले तर लोक त्या गप्प बसण्याचाच अर्थ काढणार.

तुला हे सगळं नवीन नाही म्हणा, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा तू स्वतः कव्हर केलंस. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जिवे मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्या महिन्यांत देशभर फिरणारा मूल पळवल्याचा व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. तिकडे खरा हल्ला झालाच नव्हता, इकडे झाला होता, एवढाच फरक.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर. नाव टाकू नका, पण गप्पही बसू नका. पहिल्या तासातच ठळक छापा की एक नाव फिरतंय, ते खरं का असं विचारलं, पोलीस नाही म्हणाले किंवा बोलले नाहीत, इतके वाजता विचारलं, अमुक अधिकाऱ्याला. वेळ टाका, आणि दर तासाला तीच बातमी अपडेट करा. खोटं नाव हेडलाइनमध्ये खोडून दाखवायलासुद्धा नको, सर्चला ते खोडलेलं कळत नाही. क्लिक कमी पडतील, ते भांडण तुला संपादकाशीच करावं लागणार, त्यात मी काही करू शकत नाही.

डिसेंबरमध्ये येतोय, तिकीट काढलंय. तोवर त्या ज्युनियर पोरीचं काय झालं ते कळव, जिने ती पोस्ट न तपासता टाकायला नकार दिला म्हणालास. तिला नोटीस दिली असेल तर मला लगेच फोन कर, रात्रीचा केलास तरी चालेल.

तुझा,
शिऱ्या