फिजिओ मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम नमस्कार, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण वाचलंत की कळेलच कोण ते, एसटीतला रिटायर कंडक्टर, व्यायाम कमी आणि बडबड जास्त.

सगळी नोकरी हलत्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडण्यात गेली, कशाला धरावं लागायचं नाही, आणि तोच माणूस बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एका बाजूला कलायला लागला. चप्पल पायातून निसटून मागे राहायची तरी पत्ता नाही, बायको ओरडली की कळायचं. आणि रात्री त्याच पायांची नुसती आग आग, चादरसुद्धा सहन होत नव्हती. शुगर जुनी, त्यामुळे नसा खराब झाल्यात हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. एका ठिकाणी मशीनचं पॅकेज घ्या, नसा नव्या होतील म्हणून बरेच पैसे काढले, ते जाऊ दे.

तुम्ही तो नायलॉनचा धागा काढलात, 10 ग्रॅम दाब पडला की वाकणारा, मला डोळे मिटायला लावले आणि मी आपला वाट बघतोय की मॅडम सुरू कधी करणार, तर तुमचं तळव्यावर टेकवून झालंही होतं! मग अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क, तो थरथरणारा लोखंडी चिमटा, तिथेही काही नाही, घोट्यावर जरा जाणवलं. सगळ्यात लांबच्या नसांना आधी फटका बसतो म्हणून सुरुवात बोटांपासून होते हे तेव्हा समजलं. आणि तुम्ही सरळ सांगितलंत, काका गेलेली संवेदना परत आणते असं मी म्हणणार नाही, पण पोटऱ्या, घोटे आणि तोल यावर काम करता येतं. खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र.

मग ओट्याला धरून टाचा उचला, चवडे उचला, हात न टेकता खुर्चीतून उठा, पावलापुढे पाऊल चिकटवून उभे रहा, जमलं की एका बोटाचाच आधार. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा प्रकार मला पोरखेळ वाटलेला, आता नातवाबरोबर शर्यत लागते (तोच जिंकतो). आगीसाठी टेन्स, ते कातडीवर पट्ट्या चिकटवून हलका करंट देणारं मशीन, लावलंत तेव्हाही म्हणालात, हे तेवढ्यापुरतंच.

आणि गरम पाण्याची बादली बंद केलीत ते फार बरं केलंत, बायकोचा तिच्यावर भारी विश्वास, पण ज्या पायाला चटका कळत नाही त्याला पाणी किती कढत आहे हे काय कळणार. आता मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळव्याची सँडल, घालायच्या आधी आत हात फिरवायचा, रात्री आरसा धरून तळवे बघायचे. मध्ये सँडलमध्ये नातवाच्या गाडीचा स्क्रू सापडला, पायाला तो कळलाच नसता.

आग अजून होते, कमी आहे. बेसिनपाशी मात्र आता एक हात टेकला की पुरतं.

पुढच्या वेळी शेजारच्या भाऊंना घेऊन येतोय, त्यांचीही तीच तऱ्हा आहे आणि ते मशीनचं पॅकेज घ्यायच्या बेतात आहेत, माझं ऐकत नाहीत, तुम्हीच जरा दरडावून सांगा.